सीट बदलण्याआधी पुठ्ठ्यावर बसा

गेल्या महिन्यात ब्रेकच्या रबरांबद्दल लिहिताना शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती : सायकलची सीट टोचत असेल तर लाजू नका, लिहा. एरवी या सदराकडे गिअर, पंक्चर, टायरमधली हवा असले प्रश्न येतात. या वेळी बहुतेक पत्रं बायकांची, आणि निम्म्यांची सुरुवात 'कसं लिहू कळत नाही' अशी. एकीनं तर तीन परिच्छेद नुसतं 'ती जागा' म्हणून काढलेत. मी सायकलवाल्याची मुलगी आहे. आमच्या दुकानात बुडाला बूड आणि जांघेला जांघच म्हणत, त्यामुळे उत्तरंही त्याच भाषेत येतील. संपादकांनी कात्री लावली नाही तर.

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची, सांगलीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. घरापासून शाळा साडेसहा किलोमीटर. मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यानं हौसेनं मला गिअरची हायब्रिड सायकल घेऊन दिली. चार महिने झाले. पहिले दोन किलोमीटर बरे जातात, मग पुढच्या बाजूला जळजळ सुरू होते आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिथं बधिर झालेलं असतं. दुकानदार म्हणाला, सवय होईल. मग साडेतीनशे रुपयांचं जेलचं कव्हर घातलं, तर त्रास वाढलाच. मुलाला सांगायचं तरी काय? दीड हजारापर्यंत खर्च करू शकते. कोणती सीट घेऊ?

उत्तर : बाई, आधी ते जेलचं कव्हर काढून टाका. आजच.

'सवय होईल' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तेही आमच्या अण्णांच्या तोंडून. इचलकरंजीत आमचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे मागावर पाळीला जाणारे कामगार, हँडलला डबा अडकवून निघणारे, सगळे पुरुष. बाई दुकानात यायची ती पोराची तीनचाकी दुरुस्तीला घेऊन. सीट टोचते अशी तक्रार एखाद्या बाईनं अण्णांकडे कधी केलीच नाही, मग त्यांना ती कळणार कुठून? त्यांचं अर्धं खरंही होतं. नव्यानं सायकल धरली की पहिले आठ-दहा दिवस बुडाखालची दोन हाडं दुखतात, ते दुखणं आपोआप जातं. खूप दिवसांनी पाटावर मांडी घालून जेवायला बसलं की दुखतं, तसंच ते. पण पुढच्या भागातली जळजळ आणि बधिरपणा हे वेगळं प्रकरण आहे. तिथं नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या जात असतात. चार महिन्यांत त्याची सवय झाली नाही आणि होऊही नये.

मी स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकल हातात घेतली तेव्हा दुकानदाराच्या मुलीला शोभणार नाहीत अशा चुका केल्या. आधी जेलचं कव्हर. मग पावणेसहाशेची, उशीएवढी फुगीर, स्प्रिंगवाली सीट. मग एक गुलाबी कडेची, जिच्या खोक्यावर 'लेडीज' लिहिलं होतं. तिन्ही आज माळ्यावर आहेत. घोड्याच्या खोगिरात चिंध्या न् काथ्या कोंबतात त्याला खोगीरभरती म्हणतात, हा शब्द आपण भाषणांना आणि समित्यांना वापरतो. मी तो अक्षरशः पैसे मोजून विकत घेतला होता.

मऊ सीटचा घोटाळा असा. सीटवर आपला भार यायला हवा तो दोन हाडांवर, ओटीच्या हाडाच्या अगदी तळाशी असलेल्या. माकडहाड नव्हे, ते मागे असतं. कडक लाकडी बाकावर बसून तळहात बुडाखाली घातलात तर दोन गाठींसारखी लागतात ती ही. फार मऊ सीटवर ही हाडं आत रुततात आणि त्यांनी ढकललेलं जेल मधोमध वर येतं, म्हणजे जिथं काहीच टेकायला नको नेमकं तिथं. त्यात तुमचं कव्हर मूळ सीटवर नाडीनं बांधलेलं असणार. पायडल मारताना ते सरकतं, आणि जळजळ वाढते ती त्या घासण्यानं.

आता सीट घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. यांना खर्च नाही, फार तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला चहाचे पैसे द्या.

पहिली, सीटचं नाक. सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर लांबीच्या दिशेनं एक फळी ठेवा. त्यावर गवंड्याची पातळीची बाटली किंवा फोनमधलं पातळी बघायचं ॲप. माझा अनुभव असा की दहातल्या सहा सायकलींचं नाक वर असतं, आणि पुढच्या भागाला टोचतं ते हेच नाक. सीटखालचा बोल्ट बहुतेक हायब्रिडना षटकोनी पान्यानं ढिला होतो. सीट सरळ पातळीत आणा. दोन दिवस चालवा. तरी टोचलं तर नाक किंचित, अगदी दोन अंश, खाली करा. एकदम खाली केलंत तर घसरगुंडी होते, अंगाचा भार मनगटांवर येतो आणि तळहातांना मुंग्या येतात. मग तुम्ही मला हातमोज्यांबद्दल पत्र लिहाल.

दुसरी, सीटची उंची. पैज लावून सांगते, तुमची सीट खाली आहे. आपल्या बायकांना बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात, पडायची भीती. पण सीट बुटकी असली की पाय पुरते ताणत नाहीत, गुडघे दुमडलेले राहतात, आणि जो भार पायांनी उचलायचा तो सगळा बुडावर बसतो. रोजच्या चपला घालून, भिंतीला धरून सायकलवर बसा. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडा बाक उरतो, ती बरोबर उंची. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलायला लागली तर जास्त झाली. एकदम वर करू नका, आठवड्याला एक सेंटीमीटर करा. आणि थांबताना सीटवरच बसून राहायचं नाही. ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा. शाळेच्या मैदानात, पोरं घरी गेल्यावर, वीसेक वेळा करा. जमतं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती सीटची नाहीच. हँडलची आहे. हँडल लांब आणि खाली असलं की आपण पुढे ओणवतो, ओटीचं हाड पुढे कलतं आणि मागच्या दोन हाडांवरचा भार पुढच्या नाजूक भागावर येतो. बऱ्याच सायकली उंच पुरुषाच्या मापानं घडवलेल्या असतात. तुमची उंची तुम्ही लिहिली नाहीत, पण मुलानं दुकानात जाऊन स्वतः चालवून बघून घेतली असेल तर अंदाज येतो. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या वर रिंगा दिसतात का बघा. असतील तर मेकॅनिककडून त्या खाली घालून घ्या, हँडल तेवढं वर येईल. स्टेम खाली झुकलेला असेल तर तो उलटा बसवला की वर झुकतो. हे घरी करू नका, हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचं घट्टपण त्याच बोल्टवर असतं.

एवढं करून दोन आठवडे चालवा. निम्म्या बायकांचं काम इथंच होतं. तुमचं नाही झालं तर पुठ्ठा घ्या.

टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, ज्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी थर असतो तो. घराच्या दगडी पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, सायकलवर वाकता तेवढंच पुढे वाका, चवडे उचलून टाचांवर या आणि तीस आकडे मोजा. उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. न दिसले तर बोटानं चाचपा, खडू आडवा घासला की उमटतात. खडू काय, तुमच्याकडे कमी नाहीत. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजा. माझं साडेतेरा सेंटीमीटर आलं. बायकांचं साधारण अकरा ते पंधराच्या दरम्यान असतं, सरासरीनं पुरुषांपेक्षा थोडं जास्त. पण सरासरीवर सीट घ्यायची नसते. माझी एक मैत्रीण अंगानं माझ्या दीडपट आहे आणि तिचं अंतर बारा. जाड-बारीक असण्याशी याचा संबंध नाही, हाडं कुणाची कशी घडलीत त्यावर आहे.

तुमच्यासारखं बऱ्यापैकी ताठ बसून चालवणाऱ्यांनी त्या अंतरात तीनेक सेंटीमीटर मिळवायचे. समजा तुमचं साडेबारा आलं, तर सीट साडेपंधराच्या आसपास रुंद हवी, म्हणजे १५५ मिलिमीटर. सीटच्या खोक्यावर किंवा बुडाशी लांबी-रुंदी छापलेली असते, आणि नसेल तर टेप पर्समध्ये ठेवाच. रंग, कंपनी, 'लेडीज', 'कम्फर्ट' हे शब्द मग वाचले तरी चालेल. सीटच्या मागच्या भागावर, हाडं येतात तिथं अंगठा दाबा. थोडा आत जावा, पण खालच्या प्लॅस्टिकला लागू नये, आणि सोडल्यावर लगेच वर यावं. मधोमध शिवण नको. मधे खोल खाच किंवा भोक असलं तर तुमच्या तक्रारीला ते बहुधा उपयोगी पडेल, पण त्याच्या कडा धारदार नाहीत ना बघा, काहींना त्याच कडा काचतात. कडेला मांड्या घासतील इतकी पसरट सीट तुम्हाला नको, साडेसहा किलोमीटरला नाही.

खालच्या दोन सळ्या बहुतेक सगळ्या आजकालच्या सीटना सात मिलिमीटरच्याच असतात, त्यामुळे तुमच्या सायकलीला बसेल का ही चिंता सोडा. माझी आताची सीट साध्या घट्ट फोमची आहे, मधे खाच, अकराशेला पडली. सहा वर्षं झाली. दुकानदाराला आधीच विचारा, आठ दिवसांत नाही पटली तर बदलून देणार का. हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि तशीच शाळेला जाऊन या. घसरेल थोडी, पण डाग पडणार नाही.

उरलेल्या चारशेत कपड्यांचं बघा. पंजाबी ड्रेसच्या सलवारीला आसनाजवळ चार शिवणी एकत्र येतात, ती गाठ नेमकी सीटच्या नाकावर येते. आतल्या चड्डीचं इलॅस्टिक जांघेत. शिंप्याला सांगून आसनात चौकोनी तुकडा घालून घ्या, शिवणी बाजूला जातात. पायांना अर्ध्या मांडीपर्यंत येणारी, बिनशिवणीची सुती चड्डी घाला. पॅडवाली सायकल शॉर्ट आत घालायची झाली तर ती थेट अंगावर, तिच्या आत दुसरं काही नाही. ती रोज धुवायची असते, म्हणून एकीवर भागत नाही, दोन लागतात.

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल, लघवीला जळजळत असेल किंवा गाठ लागत असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरबाईंकडे जा.

आणि मुलाला सांगा. 'सीट मापाची नाही' एवढं वाक्य पुरे. चप्पल मापाची नसती तर सांगितलंच असतंत ना.

प्रश्न : मी २१ वर्षांची, नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. डिसेंबरमध्ये माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. सेकंडहँड रोडबाईक आहे, सीट सुरीसारखी अरुंद. साठ किलोमीटरनंतर रडू येतं. ग्रुपमधला एक दादा म्हणतो चामड्याची ब्रूक्स घे, नऊ-दहा हजारांना मिळेल, आयुष्यभर पुरेल. दुसरा म्हणतो मधे भोक असलेलीच घे. माझ्याकडे साठवलेले अडीच हजार आहेत. आणि त्या दिवशी पाळी असली तर?

उत्तर : दोन्ही दादांची हाडं तुझ्या हाडांच्या मापाची नाहीत, हे आधी लक्षात घे. वरच्या बाईंना सांगितलेला पुठ्ठा तूही कर. फक्त बसताना जास्त ओणवी हो, आणि आलेल्या अंतरात तीनऐवजी दोन सेंटीमीटर मिळव, कारण वाकलं की बैठक अरुंद होते.

ब्रूक्सबद्दल माझं मन हळवं आहे, ते कबूल करते. बर्मिंगहॅमची ही कंपनी १८६६ साली घोड्यांचे चामडी साज बनवायला निघाली आणि तिचं सायकलच्या सीटचं पहिलं पेटंट १८८२ चं. म्हणजे खोगीर करता करताच ते सीटवर आले. अण्णांच्या दुकानात जुन्या काळ्या सायकलींना तशाच घाटाच्या देशी चामड्याच्या सीटा असायच्या. त्यात फोम वगैरे काही नसतं. पुढून मागे ताणून बसवलेलं जाड चामडं, झोळीसारखं, आणि काही शे किलोमीटरांत ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खळगे धरतं. सैल पडलं की नाकाखालचा बोल्ट पाव फेरा आवळायचा. एकाच्या बुडाला बसलेली सीट दुसऱ्याला टोचायची, त्यावरून भाड्याच्या सायकलींची भांडणं मी पाहिलीत. ओली झाल्यावर बसलं की मात्र ती कायमची लोंबते. तुझ्याकडे अडीच हजार आहेत, तुमच्याकडे पाऊस कसा पडतो ते तुला ठाऊक आहे, आणि डिसेंबरपर्यंत ती अंगवळणी पडेलच याची खात्री नाही. नोकरी लागल्यावर घे.

भोकाचं म्हणशील तर ती काही नवी शक्कल नव्हे. १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी आणि नीतीवाल्यांनी सीटवरून केवढा गदारोळ केला होता! त्यातून मधे फट असलेल्या, दोन हाडांखाली दोन गाद्या असलेल्या 'आरोग्यदायी' सीटा बाजारात आल्या. नंतर त्या मागे पडल्या आणि शर्यतीच्या पुरुषांची अरुंद सीट हीच सगळ्यांची सीट झाली. १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी या अमेरिकन इंजिनिअरबाईंनी बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली, आणि त्यांच्या भोकवाल्या सीटांनी हा विषय पुन्हा वर आणला. तेव्हा भोक तुला सोसतं का ते बघायला हरकत नाही, पण रुंदी चुकली तर भोक काही वाचवणार नाही. ग्रुपमधल्या मुलींच्या सीटा मागून घे. खरंच. रविवारी दोघींनी सीटा बदलून चाळीस किलोमीटर करा. तुझ्या सीटच्या दांड्यावर, सीटच्या खालच्या कडेशी, खुणेची चिकटपट्टी लाव, म्हणजे परत लावताना उंची हुकणार नाही.

ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधीपासून काहीही बदलायचं नाही. सीट नाही, शॉर्ट नाही, चपला-बूट नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबणं धरून ताशी पंधराच्या आतलाच वेग लागतो. तू घाई करणारेस, माहीत आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभी राहून वीस सेकंद बुडाला हवा दे. चढावर आपसूक होतं, सपाटीवर विसरतं. शॉर्ट थेट अंगावर, घासतं तिथं आधीच व्हॅसलीन. आदल्या दिवशी तिथले केस काढू नकोस, घामानं पुळ्या उठतात. आणि संपल्यावर ओल्या शॉर्टवर फोटो काढत तासभर उभी राहू नकोस, आधी कोरडी चड्डी घाल.

पाळीचं. जाड पॅडच्या कडा आणि शॉर्टचं पॅड यांची जुंपली की मांडी सोलवटते. मेन्स्ट्रुअल कप वापरत असशील तर उत्तम, पण त्या दिवशी पहिल्यांदा वापरून बघू नको, दोन पाळ्या आधी सवय कर. टॅम्पॉन चालतो, वेळेत बदलायचा. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, कार्डावर शिक्का घेतेस तेव्हा तिथं स्वच्छतागृह आहे का ते मार्ग हातात आला की आयोजकांना विचारून ठेव. विचारणारी तू पहिली असलीस तर पुढच्या वर्षीच्या मुलींवर उपकार होतील. पोट फार दुखत असेल तर सोडून दे, ब्रेव्हे पुन्हा निघते.

प्रश्न : पत्नीच्या वाढदिवसाला सायकलची भारीतली सीट भेट द्यायची आहे. तिला सरप्राईझ आहे. मॉडेल सुचवा. (ठाणे)

उत्तर : साहेब, तुम्ही वहिनींना न विचारता ब्लाउज शिवून आणाल का? तसंच आहे हे. पाकिटात पैसे घाला, सोबत एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, त्यावर या महिन्याचं सदर चिकटवा. हसतील तरी. आणि सीटची उंची नीट करायला शनिवारी सकाळी सायकल धरून उभे राहा, ही भेट त्यांना भारी वाटेल.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, सावंतवाडीला असते. १९८४ सालची लेडीज सायकल आहे, मधे दांडा नसलेली. देवळात, बाजारात, फार तर दोन किलोमीटर. सीटचं रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज निघतोय, खालच्या स्प्रिंगा मात्र टुणटुणीत. दुकानदार म्हणतो सायकलच मोडीत काढा. शिवाय हल्ली थोडं अंतर गेलं तरी जळजळतं, आधी असं होत नव्हतं.

उत्तर : काकू, मोडीत काढायचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

मी वर उशीसारख्या सीटांची निंदा केलीय, ती तुम्हाला लागू नाही. तुमच्या सायकलचं हँडल उंच, तुम्ही खुर्चीवर बसल्यासारख्या ताठ बसता, सगळा भार सरळ खाली येतो. अशा बैठकीला रुंद, स्प्रिंगची सीटच बरोबर. तुमचे रस्ते मला माहीत आहेत, पावसाळ्यानंतर तर त्या स्प्रिंगांना दुवा द्याल. स्कूटरच्या सीटा शिवणारा गावात असेल, त्याच्याकडे सीट काढून न्या. आत नवा घट्ट फोम घालायला सांगा, दाबून बघा, पोह्याच्या पिशवीसारखा भसकन बसणारा नको. वरून रेक्झिन ओढून खाली ठोकून घ्यायचं, मधून शिवण नको, हे त्याला दोनदा सांगा, कारण स्कूटरच्या सवयीनं तो मधे नक्षी काढायला बघेल. नवीच घ्यायची झाली तर जुनी सीट बरोबर घेऊन दुकानात जा. तुमच्या सायकलीला साधी नळी आणि वर नटांची क्लॅम्प असणार. नव्या सीटबरोबर क्लॅम्प येते का, ती तुमच्या नळीवर बसते का, तिथंच लावून बघा.

जळजळीचं कारण मात्र सीट नसेल. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होत जाते, जे पन्नाशीत सोसत होतं ते नंतर सोसत नाही. माझंही झालं. मी वर्षभर सीटला शिव्या घातल्या आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी लावायला मलम दिलं, महिन्यात फरक पडला. त्यांना सायकल चालवते हे सांगा. 'या वयात?' असं विचारलं तर दुसऱ्या डॉक्टर बघा.

आणखी एक. चाळीस वर्षांच्या सायकलचा सीटचा दांडा कोकणातल्या दमटपणानं आत धरलेला असेल, उंची बदलायला गेलात तर हलणार नाही. हातोडी मारू देऊ नका कुणाला. बोल्ट ढिला करून सांध्यात गंज सोडवायचं तेल घाला, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी सीट धरून डावी-उजवीकडे पिळत वर ओढा. निघाला की दांडा पुसून त्याला ग्रीसचा पातळ हात द्या आणि कमीत कमी चार बोटं आत राहील असा बसवा. हे मिरगाच्या आधी करून घ्या.